कॉइल असेल

कोल्हापुरात बंद पडलेली गाडी ढकलायला माणसं बोलवावी लागत नाहीत. बॉनेट वर गेलं की ती आपोआप जमतात, आणि येताना निदान घेऊनच येतात. दुसऱ्या गावात लोक निदान "काय झालं?" असं तरी विचारतात. आमच्याकडं "काय झालंय ते मी सांगतो" इथून सुरुवात होते. आणि हे सगळं सांगितलं जातं माझ्या नवऱ्याला.

गाडी मी चालवते. माहेरी इचलकरंजीला वडिलांची फियाट होती, तिच्यावरच शिकले, त्यामुळं स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर माझ्या हातात बसलेला आहे. नवऱ्याचा चारचाकीशी संबंध शेजारी बसून काच खालीवर करण्यापुरता. तो कॉलेजात इतिहास शिकवतो. पण इस्त्रीच्या शर्टातला माणूस बॉनेटपाशी उभा दिसला की कोल्हापूर त्यालाच मालक धरतं आणि मला म्हणतं, "वैनी, तुम्ही जरा बाजूला व्हा, शॉक बसंल."

गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, 1981 ची, सासऱ्यांची. 1089 सीसी, पुढं सलग बाकडं. कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनायच्या तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरनं उतरली तेव्हा पेपरात हळहळ छापून आली. आमची तोवर मंगळवार पेठेतल्या घरामागच्या परड्यात उभी होती. बंद होती म्हणणं मात्र अन्यायाचं होईल, कारण सासूबाईंनी तिला एक दिवस रिकामं बसू दिलं नव्हतं. टपावर कुरडया, बॉनेटवर सांडगे, डिकीत कांदे, मागच्या सीटवर गणपतीचं मखर आणि ड्रायव्हरच्या जागेवर मांजर. गाडी दुरुस्त करायची म्हटल्यावर घरात एकच मत विरोधात पडलं. "चालती झाली तर सांडगे कुठं घालायचे?" याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आधी एका चकचकीत गॅरेजातनं पोरगा बोलावला. आला तो हातात स्कॅनर घेऊन. स्टिअरिंगखाली डोकं घालून बराच वेळ चाचपत राहिला. बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाला, "साहेब, हिला जोडायचं सॉकेटच न्हाई." कसं असेल? हिला ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. कार्बुरेटर, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर आणि पॉइंट, एवढ्यावर हिचा संसार. पोरानं गाडीबरोबर एक सेल्फी काढला आणि निघून गेला.

शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं मिस्त्रींचा पत्ता दिला. मिस्त्री सत्तरीचे. कानाला यंत्र लावतात, पण ते माणसांसाठी. इंजिन ऐकायचं असेल तर यंत्र काढून खिशात ठेवतात, लांब पान्याचं एक टोक इंजिनावर टेकवतात, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटतात. पॉइंट म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी दोन टोकं; त्यांच्यातली फट ते गेजनं मोजत नाहीत. खिशात कुणाच्यातरी लग्नाची पत्रिका असते, तिच्या जाडीनं लावतात. ते लग्न टिकलं का माहीत नाही, पॉइंट टिकले.

त्यांनी टाकी उतरवली तेव्हा आतनं जे निघालं त्याला पेट्रोल म्हणवेना. चक्क काकवी होती. तीच कार्बुरेटरच्या जेटमध्ये वाळून बसलेली. ब्रेक चारी चाकांना चिकटलेले, त्यांचं वर्णन करत नाही; ऐकणाऱ्यालाही खर्च येतो. पाण्याच्या पंपाचा शाफ्ट झिजलेला होता आणि तो कुठल्याच दुकानात मिळेना. मी काळजीत पडले. मिस्त्री पडले नाहीत. मोडका शाफ्ट फडक्यात गुंडाळून उद्यमनगरात गेले आणि दुसऱ्या दिवशी नवा करून घेऊन आले. मला उगाच कौतुक वाटलं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी बनवला, तिथं पंपाचा शाफ्ट म्हणजे काय! आजही उद्यमनगरात "हे मिळत नाही" असं म्हणून बघा. समोरचा माणूस "नमुना आणा" एवढंच म्हणतो.

मग कागद. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची, फिटनेस दाखवायचा, वर पर्यावरण कर. कुणीतरी सुचवलं, एवढ्या जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणूनच नोंद करा ना. 2021 च्या नियमाप्रमाणं त्याला गाडी पन्नाशी ओलांडलेली लागते. म्हणजे आमची 2031 मध्ये वयात येणार, आणि आली तरी रोज भाजीला नेता येणार नाही. प्रदर्शनाला, रॅलीला तेवढी मुभा. "तवर कुरडया वाळू द्या की," सासूबाई म्हणाल्या. चॅसिसचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं घासून उमटवावा लागतो, तर आमचा गंजाखाली गडप झालेला. पॉलिश पेपरनं तो हळूहळू वर काढताना नवऱ्याचे डोळे चमकले. शिलालेख वाचायची संधी त्याला कोल्हापुरात एरवी घरबसल्या मिळत नाही.

याच दिवसांत मिस्त्रींनी मला कॉइलची खोड समजावून सांगितली. प्लगच्या ठिणगीला करंट देते ती कॉइल. जुनी कॉइल तापली की करंट द्यायचं थांबवते, गार झाली की परत देते. त्यामुळं गाडी बंद पडते आणि मिस्त्री येईपर्यंत शहाण्यासारखी चालू होते. सांगत होते मला, बघत होते नवऱ्याकडं. त्यानं या सगळ्यातला एकच शब्द उचलला.

गाडी रस्त्यावर आली आणि दसरा चौकात, भर संध्याकाळी, शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर थांबली. मागच्या सीटवरची माझी मुलगी "मी चालत जातो" म्हणून उतरली आणि आमचं तिचं काही नातं नसल्यासारखी फुटपाथला लागली. मी बॉनेट उघडेपर्यंत माणसं आलीच. पहिले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. मग कॅन लावलेला एक दूधवाला, मग कॉलेजची पोरं, मग भेळेच्या गाडीवरचं गिऱ्हाईक हातातल्या कागदासकट.

"साहेब, पेट्रोल चढत न्हाई."

"कुठलं ओ, करंटचा प्रॉब्लेम हाय. कंडेन्सर बघा."

"आमच्या मालकांकडं हीच होती. सेम कलर. जोतिबाच्या घाटात अशीच बसायची."

"मग काय करायचा?"

"मालक उतरायचे आणि आम्ही ढकलायचो."

"माझी वरात हिच्यातनं निघालेली," दूधवाला म्हणाला आणि दारावरनं हात फिरवत गप्प झाला. गाडी चांगली होती की लग्न, ते कळलं नाही. मी प्लगची वायर काढून ठिणगी बघत होते, तेवढ्यात दोघांनी माझ्या हातातनं वायर काढून घेतली आणि ते सगळे नवऱ्याकडं बघायला लागले. मालकांचं मत काय?

नवऱ्यानं चष्मा सारखा केला. इंजिनाकडं, मग पुतळ्याकडं, मग पुन्हा इंजिनाकडं बघितलं आणि म्हणाला, "कॉइल असेल."

शांतता पसरली. एसटीवाल्यांनी वाकून कॉइलला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "बरोब्बर!" ते ओरडले. "तापल्या! साहेबांनी हात न लावता सांगितलं!" भेळवाल्यानं पाणी दिलं, ओलं फडकं कॉइलवर पडलं, वाफ निघाली, थोड्या वेळानं मी सेल्फ मारला आणि गाडी सुरू झाली. एसटीवाल्यांनी नवऱ्याला सॅल्यूट ठोकला. एका पोरानं त्याचा नंबर मागितला. घरी जाईपर्यंत तो डाव्या हाताची कोपर खिडकीवर टेकवून बसला होता. मला गिअर बदलायच्या सूचनाही द्यायला लागला.

कॉइल बदलली, तरी त्याचं निदान तेच राहिलं. पन्हाळ्याला निघालो, सासूबाई मागं, मांडीवर डबा. वाघबीळच्या चढावर इंजिन घुटमळलं आणि गप्प झालं. "कॉइल असेल," शेजारनं आवाज आला. मी काही बोलले नाही. उन्हात चढावर इंजिन तापलं की टाकीतनं पेट्रोल ओढणाऱ्या पंपातच त्याची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. मिस्त्रींनी बजावून ठेवलं होतं की पंपातला रबरी पडदा बदला, नाहीतर तो फुगणार. त्यातलं काही इथेनॉल उसाचं. म्हणजे ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागं आम्ही हंगामभर अडकून पडतो, तोच ऊस फिरून टाकीत येतो आणि तिथंही आम्हाला थांबवतो.

त्या दिवशी सोडवलंही उसानंच. पुढच्या वळणावर रसवंती होती. रसवाल्यानं कारण विचारलं नाही, बर्फाची खांड फोडून फडक्यात बांधली आणि पंपावर ठेवायला नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्यानं ती कॉइलवर ठेवली. मी उचलून पंपावर ठेवली. सासूबाईंनी तोवर आलं-लिंबू घातलेले तीन रस सांगितले, डबा उघडला, धपाटी निघाली, आणि पोट भरेस्तोवर पंपही गार झाला. सुरू झाल्यावर रसवाला नवऱ्याला म्हणाला, "बर्फाचं डोकं भारी लावलं साहेब."

परतीला उतार होता, त्यामुळं इंजिनाला काही बोलायला जागा नव्हती. ती कसर हॉर्ननं काढली. शिवाजी पूल ओलांडून गंगावेशीकडं वळवायला स्टिअरिंग फिरवलं आणि हॉर्न जो लागला तो लागलाच. मी हात वर केले, दाखवायला, की मी वाजवत नाही. लोकांना वाटलं मी नमस्कार करतेय. कुणाची तरी वरात किंवा निकाल असणार असं समजून रस्ता मोकळा व्हायला लागला. दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाईकासमोर धार काढायला उभ्या असलेल्या म्हशी, ज्या आजवर कुणाच्या बापाला बाजूला झालेल्या नाहीत, त्या बाजूला झाल्या. ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी फुंकली, ती ऐकू आली नाही. त्यानं काचेशी येऊन नवऱ्याला सांगितलं, "साहेब, हॉर्न सोडा."

"कॉइल असेल," नवरा म्हणाला.

मी उतरले, बॉनेट उघडलं आणि हॉर्नची वायर उपटली. गंगावेशीत एकदम दुधाच्या धारांचा आवाज ऐकू यायला लागला. माणसं जमायच्या आत मी पुन्हा गाडीत बसले.

"मिस्त्रींना हॉर्नला हात लावू देऊ नकोस," सासूबाई मागनं म्हणाल्या. "म्हशी हलल्या. एवढी वायर फक्त बटनावर घ्यायला सांग, आणि बटन माझ्या बाजूला."