‘कायदेशीर’ या एका शब्दावर किती भार टाकायचा?

‘कायदेशीर कारवाई केली जाईल’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलेले असते की त्यातली गंमत जाणवेनाशी होते. बेकायदा कारवाई करू, असे जाहीरपणे कोणीच बजावत नाही. मग ‘कायदेशीर’ हे विशेषण तिथे करते काय? तिथे त्याचा अर्थ ‘कायद्याच्या मार्गाने होणारी’ असा आहे. ‘कायदेशीर सल्ला’ म्हणजे कायद्याविषयीचा सल्ला, ‘कायदेशीर वारस’ म्हणजे कायद्याने ज्याला वारस मानले आहे तो, आणि ‘यात बेकायदेशीर काही नाही’ म्हणजे एवढेच की या कृत्याबद्दल शिक्षा होणार नाही. करारनाम्यांची आणि नोटिशींची भाषांतरे करताना मीही हा शब्द सवयीने वापरत आलो आहे. आता मात्र मला असे वाटते की मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द असताना आपण सगळे ओझे एकाच शब्दावर टाकतो, आणि त्यामुळे नेमका कोणता दावा केला जात आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही, कित्येकदा करणाऱ्यालाही कळत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा ‘कायदेशीर’ आणि ‘वैध’ यांच्यात होतो. हे शब्द समानार्थी नाहीत. पैजेचे उदाहरण घ्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो, म्हणजे पैज जिंकणारा हरणाऱ्यावर पैशासाठी दावा लावू शकत नाही. पण करार शून्य आहे एवढ्यावरून तो कायद्याने निषिद्ध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली एका निकालात स्पष्ट केले. (जुगाराचे अड्डे चालवणे हा वेगळा विषय, त्याला वेगळे कायदे आहेत.) अशा कराराला मी ‘अवैध’ म्हणेन, ‘बेकायदा’ म्हणणार नाही, न्यायालय त्याच्याकडे फक्त पाठ फिरवते.

आता याच्या नेमके उलटे उदाहरण पाहा. बालविवाह लावून देणे हा गुन्हा आहे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. तरीही बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ याच्या कलम ३ प्रमाणे असा विवाह सर्वसाधारणपणे आपोआप शून्य होत नाही. विवाहाच्या वेळी जो पक्ष अज्ञान होता, त्याने सज्ञान झाल्यावर दोन वर्षे पूर्ण होण्याच्या आत अर्ज केला तर तो रद्द होतो. पळवून आणलेल्या किंवा विकलेल्या मुलीच्या विवाहासारख्या काही प्रसंगी मात्र तो मुळातच शून्य ठरतो. एरवी रद्द होईपर्यंत कृत्य बेकायदा आणि नाते वैध, अशी ही अवघड स्थिती असते. कायदा असे का करतो, याची कारणे आहेत आणि त्यावर वादही आहेत. पण ‘बालविवाह बेकायदेशीर आहे’ एवढे एकच वाक्य ऐकलेल्या मुलीने आपले लग्न मुळात झालेच नाही असे समजून मुदत घालवली, तर त्या ढिल्या शब्दाची किंमत तिला मोजावी लागेल. म्हणून शब्दांची ही काटेकोर निवड मला केवळ भाषेचा शौक वाटत नाही.

‘रीतसर’ हा शब्द त्या मानाने गरीब बिचारा आहे; तो पद्धत पाळली एवढेच सांगतो, हेतूबद्दल काहीही बोलत नाही. सरकारी मराठीतला ‘नियमानुकूल करणे’ हा प्रयोग मात्र विचार करण्यासारखा आहे. अतिक्रमण आधी होते आणि नियम नंतर त्याला अनुकूल होतो, तरी शब्दाची रचना अशी की जणू अतिक्रमणच नियमाला अनुकूल झाले.

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती ‘सनदशीर’ या शब्दाची. सनद हा मूळचा अरबी शब्द, अर्थ अधिकारपत्र. मवाळांच्या राजकारणात ‘सनदशीर मार्ग’ हे परवलीचे शब्द होते, आणि १९०७ च्या सुमारास टिळकांनी त्यावरच बोट ठेवले: ज्या देशाला सनदच दिलेली नाही, तिथे सनदशीर चळवळ या शब्दांना अर्थ काय? आक्षेप राजकीय होता, तसाच तो शब्दार्थाचाही होता. कायदे होते, दंडसंहिता होती. पण लोकांनी स्वतःला दिलेले, राज्यकर्त्यांनाही बांधणारे असे काही नव्हते. पुढे १९३० च्या चळवळीने घेतलेले नाव पाहा: ‘सविनय कायदेभंग’. मिठाचा कायदा मोडणाऱ्यांनी आपले कृत्य कायदेशीर असल्याचा आव आणला नाही; मोडतो आहोत हे नावातच सांगून टाकले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशेब पुन्हा मांडला. सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांचे समर्थन करता येणार नाही, ते अराजकाचे व्याकरण ठरेल, असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे सर्वांनाच पटते असे नाही. मलाही ते पूर्णपणे पटत नाही. पण १९०७ मधला प्रश्न आणि १९४९ मधले उत्तर यांच्यामध्ये ‘सनद’ प्रत्यक्ष अवतरली, हे त्या शब्दाखेरीज सांगता येत नाही. ‘कायदेशीर’ शब्दाने ही सगळी हकीकत पुसली जाते, कारण कायदेशीर तर १९०७ सालची राजवटही होती.

आणि ‘मी काहीही बेकायदेशीर केलेले नाही’ हा सार्वजनिक जीवनातला लाडका खुलासा. यात सांगितलेली गोष्ट फार लहान असते: मनाई नव्हती. मुभा म्हणजे हक्क नव्हे, आणि हक्क म्हणजे कृत्य न्याय्य होते असेही नव्हे. खुलासा ऐकणाऱ्याने बहुधा विचारलेले असते, ‘हे योग्य होते का?’

अलीकडे मी ‘कायदेशीर’ लिहिला की थांबतो आणि त्याच्या जागी कायदेविषयक, वैध, रीतसर, सनदशीर, न्याय्य यांपैकी काही बसते का ते पाहतो. बहुतेक वेळा बसते. ‘कायदेशीर कारवाई’ मात्र हटत नाही. ‘न्यायालयीन’ म्हणावे तर दर वेळी प्रकरण न्यायालयात जाईलच असे नाही, आणि नुसते ‘कारवाई केली जाईल’ म्हटले तर पक्षकारांना नोटीस पुरेशी कडक वाटत नाही.