गाऊटवाला फॉरवर्ड : "गोळी दुखेल तेव्हाच घ्या" म्हणे!

परत तोच मेसेज फिरतोय. युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल म्हणजे गाऊट (युरिक ॲसिड सांध्यात साठून होणारा संधिवात) नाही, डाळी-पालक बंद केलं की युरिक ॲसिड जातं, आणि डॉक्टर देतात ती युरिक ॲसिड उतरवायची गोळी, ॲलोप्युरिनॉल, किडनी खराब करते, उलट दुखणं वाढवते, म्हणून दुखेल तेव्हाच घ्या. एकेक बघू.

रिपोर्टचं आधी. ऐन ॲटॅकमधे युरिक ॲसिड खाली आलेलं असू शकतं, त्यामुळे तेव्हाचा नॉर्मल रिपोर्ट काही सिद्ध करत नाही, दोनेक आठवड्यांनी परत करायचा. फॅमिली डॉक्टर बरंचसं बघूनच ओळखतात: रात्रीत पायाच्या अंगठ्याचा सांधा लाल, गरम, आणि चादर लागली तरी जीव जातो. ताप असेल, इन्फेक्शनची शंका असेल तर मात्र सांध्यातलं पाणी काढून तपासावंच लागतं. आणि उलटं पण खरंय, नुसता आकडा जास्त आणि त्रास शून्य असेल तर सहसा औषध लागत नाही.

पथ्य. पालक, वाटाणा, मशरूम, डाळी यांनी गाऊट वाढतो असं अभ्यासात दिसलेलं नाही, उगाच बिचाऱ्यांना बदनाम केलंय. बिअर, मटण, मासे, गोड कोल्ड्रिंक यांचा संबंध आहे, पण ते सोडूनही रिपोर्टमधला आकडा (mg/dL मधे) साधारण १ नेच उतरतो. ९ असेल तर ८ होईल. बहुतेक युरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं आणि खरी अडचण असते ती किडनीतून ते पुरेसं बाहेर न जाण्याची.

आता गोळी, सगळा घोळ इथेच आहे. ॲटॅक शमवायची औषधं वेगळी (कोल्चिसिन, पेनकिलर, नाहीतर थोडे दिवस स्टिरॉइड) आणि युरिक ॲसिड उतरवणारी ॲलोप्युरिनॉल वेगळी, ती पेनकिलर नाहीच मुळी, दुखेल तेव्हा घेऊन करणार काय? सुरुवातीच्या महिन्यांत ॲटॅक येतात हे खरंय, कारण सांध्यात साठलेले युरिक ॲसिडचे बारीक खडे विरघळायला लागतात, म्हणून तर १०० मिग्रॅ किंवा त्याहून कमीपासून सुरू करून दर काही आठवड्यांनी रक्त तपासत आकडा ६ च्या खाली येईपर्यंत डोस वाढवतात आणि सोबत ३ ते ६ महिने थोडं कोल्चिसिन देतात. किडनी कमजोर असेल तर सुरुवात अजून कमी डोसने, बस. किडनीला खरा धोका असतो तो डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरचा, जी लोक स्वतःच्या मनाने आणून खातात, त्याबद्दल फॉरवर्ड गप्प! ॲलोप्युरिनॉलची खरी भीती अंगावर उठणाऱ्या रॅशची, क्वचित होतं पण गंभीर असू शकतं, रॅश दिसला की गोळी बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

डॉक्टर लोकांचं चुकतच नाही असं नाही हां. १०० वर सुरू करायचं आणि पुढे आकडा बघायचाच नाही, हे सर्रास चालतं. २०१८ मधे ब्रिटनमधल्या एका ट्रायलमधे नर्सनी पेशंटला नीट समजावून डोस वाढवत नेला तर दोन वर्षांनी ९५ टक्के लोक टार्गेटला (६ च्या खाली) पोचले, नेहमीच्या जीपीकडे (तिथले फॅमिली डॉक्टर) फक्त ३० टक्के. औषध तेच, पाठपुरावा वेगळा.

तेव्हा गोळी चालू असताना ॲटॅक आला तर ती बंद करू नका, ॲटॅकचं औषध वरून घ्या. आणि बीपीसाठी थायझाइड (लघवी वाढवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरना आठवण करा, त्याने युरिक ॲसिड वाढतं, लोसार्टन या बीपीच्याच दुसऱ्या गोळीने थोडं कमी होतं, बदल मात्र त्यांनाच करू द्या.