बापूचा फ्लॅट, आठवा महिना

बापू आला तोच तणतणत. "पंच्याण्णव लाख म्हणतो गिऱ्हाईक! माझ्या फ्लॅटला पंच्याण्णव!"

सिंहगड रोडवरचा त्याचा टू बीएचके आठ महिन्यांपासून विकायला निघालाय. मागणी १ कोटी १० लाख. गणपतीत एकाने ९८ देऊ केले होते, तेव्हा बापूने त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"थांब अजून," अण्णा म्हणाले. "मेट्रो होऊ दे, मग बघ." (अण्णांचा स्वतःचा मुळशीतला प्लॉट चार वर्षं पडून आहे, पण तो विषय कट्ट्यावर काढायचा नसतो.)

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एक दहा हा आकडा आणलास कुठून?"

"आमच्याच बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा त्याच भावाने लागलाय ऑनलाइन."

"लागलाय. गेला का?"

बापू गप्प. मास्तरांनी मोबाइल पुढे केला. नोंदणी विभागाच्या साइटवर इंडेक्स टू बघता येतो, दस्त किती रकमेला झाला ते त्यात असतं. बापूच्या सोसायटीतले शेवटचे दोन दस्त ९६ आणि ९४ लाखांचे निघाले.

"दस्तात न दाखवलेले वरचे कुठे धरलेत त्यात?" अण्णांनी अंगठा-तर्जनी चोळून दाखवली.

"कर्जवाल्या गिऱ्हाइकाकडे कसले आलेत वरचे!" मास्तर चिडले. "घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर ९६ च्या पुढे जाणार नाही. ८० टक्क्यांच्या हिशेबाने कर्ज मिळालं तर साधारण ७५ लाख. तुझ्या एक दहाला घ्यायचं म्हणजे उरलेले ३५ गिऱ्हाइकाने स्वतःचे घालायचे. शिवाय ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी. झाले ४३ लाख खिशातून. तेच ९८ ला धर, तीसच्या आसपास येतात."

इथे मलाही पहिल्यांदा उजेड पडला. आपण भाव बारा लाखांनी चढवतो, त्यातला एक रुपयाही बँक देत नाही. सगळं ओझं त्या माणसाच्या साठवलेल्या पैशांवर. मग तो "घरच्यांशी बोलून कळवतो" म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही.

"अरे पण इंटीरिअरला आठ लाख घातलेत मी!"

"ती पीओपीची कमळं? घेणारा पहिल्या महिन्यात फोडेल." मास्तर जरा जास्तच बोलले, पण कमळं मी पाहिली आहेत. "त्यापेक्षा हे सांग गिऱ्हाइकाला, की शेजारच्या टॉवरचं काम चालू आहे, तिथे घेतलंस तर वर ५ टक्के जीएसटी. रीसेलला तो नाही. हा तुझा हुकमाचा पत्ता, आणि तू कमळं दाखवत बसतोस."

मीही तोंड घातलं. घर भाड्याने दिलं असतं तर पंचवीस हजार आले असते, मेंटेनन्स चार हजार चालूच आहे. आठ महिन्यांचे २ लाख ३२ हजार.

"व्याज धरलं नाहीस," मास्तर म्हणाले.

बापूने कटिंग संपवला. आवाज उतरला होता. "तो अठ्ठ्याण्णववाला... एजंटकडे असेल ना रे त्याचा नंबर?"

"त्यांनी धायरीला घेतला की," चहावाला गाळणी आपटत म्हणाला. एजंट याच टपरीवर बसतो. "दिवाळीतच."

बराच वेळ कुणी बोललं नाही.

"बरं, मग हा पंच्याण्णववाला," बापू म्हणाला, "नोकरी कुठे करतो म्हणे?"