मांजराच्या नाकावर टिचकी मारण्याच्या सल्ल्याबाबत खुलासा
‘खेळताना मांजर चावलं की नाकावर टिचकी मारा किंवा मानगूट धरून हलवा, आईही तसंच शिकवते’ हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. आई मानगूट धरते ती लहानग्या पिल्लाला उचलून न्यायला. चावण्याचा जोर आवरायला पिल्लू मुख्यतः भावंडांशी झोंबताना शिकतं. म्हणून ८ आठवड्यांआधी त्याला वेगळं करू नये. टिचकीने ते हाताला घाबरतं, नाहीतर आणखी चेकाळतं.

चावल्यावर हात झटकू नका. पळणारी वस्तू त्याच्या लेखी शिकारच. हात स्थिर ठेवा, पकड सुटली की खेळ थांबवून उठून जा. खेळायला काठीला दोरीने बांधलेलं पीस द्या, बोटं नकोत. (पांघरुणाखाली पाय हलवून चिथावणारेही आपणच!) खेळ संपला की दोरी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते.