भिंतीला भोक पाडायचंय, सभेची परवानगी हवी

जर्मनीत राहायला आलं की दोन गोष्टी अंगवळणी पडाव्याच लागतात, एक म्हणजे रविवारी ड्रिल चालवायचं नाही आणि दुसरी म्हणजे घराला हवा द्यायची. ह्याला इथे लुफ्टेन म्हणतात आणि लोक ते अगदी त्रिकाळ संध्या केल्यासारखं करतात, भर जानेवारीत सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं कुडकुडत उभं राहायचं, मग बंद. भाड्याच्या घरांच्या करारात पण हे कलम असतं, हसू नका. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर ह्या आरोग्यशास्त्रज्ञाने 1858 मध्ये सांगून ठेवलंय की खोलीत कार्बन डायऑक्साइड 0.1 टक्क्याच्या वर गेला की ती हवा बाद, आणि तेव्हापासून अख्खं राष्ट्र खिडकीपाशी उभं आहे असं माझं मत आहे.

आमची बिल्डिंग स्टुटगार्टमधली, साठच्या दशकातली. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटीतून वारा आपला आपण यायचा, आणि हीटिंगचे पैसे त्याच फटीतून बाहेर जायचे. म्हणून सोसायटीने तीन काचांच्या नव्या खिडक्या बसवल्या. आवाज बंद, वारा बंद, बिल कमी, सगळे खूश. पुढच्या हिवाळ्यात बेडरूमचं कपाट जरा ओढलं तर मागे ही काळी बुरशी! तपासणीला जे गृहस्थ आले त्यांनी भिंतीच्या थंड कोपऱ्याला यंत्र लावलं आणि म्हणाले की चार माणसांच्या घरात रोज साधारण दहा लिटर पाणी वाफ होऊन हवेत जातं, श्वास, आंघोळ, वाळत घातलेले कपडे, स्वयंपाक, आणि आता त्याला बाहेर पडायला वाटच नाही. स्वयंपाक म्हणताना ते आमच्या ओट्याकडे बघत होते. तिथे कुकर चढला होता, शेजारी सासूबाई बटाटे उकडत होत्या. दहा लिटर हा आकडा इथल्या ब्रेड-चीज खाणाऱ्या कुटुंबाचा असणार, आमचा कोणी मोजलेला नाही.

उपाय म्हणजे घरात हवा खेळती ठेवणारं मशीन बसवायचं. सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. "अगं, खिडकी उघडी ठेव की रात्रभर, त्याला मशीन कशाला?" मी काही बोलायच्या आत नवऱ्याने कागद घेतला. तो इंजिनिअर आहे, त्याला कागद लागतोच. मशीन बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली ऊब काढून घेतं आणि ताज्या हवेला देतं, म्हणजे बाहेर उणे 5 आणि घरात 21 असेल, आणि 85 टक्के उष्णता परत मिळाली, तर आत येणारी हवा 17 ची. "म्हणजे उष्टी ऊब," सासूबाई म्हणाल्या आणि बटाटे सोलायला लागल्या.

आता नवं घर बांधत असाल तर छतातून पाइप फिरवून एकच मोठं मशीन बसवतात. आमच्या छताची उंची आधीच बेताची, त्यामुळे पाइप नाहीत, प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतीत थेट गोल भोक पाडून छोटं मशीन. आणि इथे खरा खेळ सुरू झाला, कारण फ्लॅट आपला असला तरी बाहेरची भिंत सगळ्यांची, त्यामुळे मालकांच्या सभेत ठराव पास व्हायला हवा. सभा म्हणजे काय सांगू. आवाज किती, बिल कोण भरणार, भिंत कमजोर होईल का, सगळं दहा मिनिटांत आटपलं. उरलेली संध्याकाळ भोकाच्या बाहेरच्या झाकणाच्या रंगावर गेली. पांढरं की भिंतीसारखं बदामी? तळमजल्यावरच्या काकूंनी पर्समधून रंगांचं कार्ड काढलं, घरून आणलेलं! मग भिंतीचा नेमका बदामी कुठला ह्यावर दोन तट पडले, कारण दक्षिणेची बाजू उन्हाने फिकट झालेली. शेवटी ठराव असा झाला की झाकण बदामी, पण "बाजूप्रमाणे बदामी". हे इतिवृत्तात आहे.

मग कारागीर मिळवणे. तो अध्याय गाळते, वाचणाऱ्यांचं बीपी वाढेल.

भोक पाडायला हिऱ्याची दातं असलेली नळी आणतात, पाण्याने गार करत करत भिंतीत घालतात, आणि भोक जरासं बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवतात म्हणजे आत साचलेलं पाणी बाहेर पडतं. मजुराने प्लास्टिक लावलं होतं तरी विटांचा लाल रबडा पार शू-रॅकपर्यंत पोचला, आणि सोसायटीच्या नियमात 1 ते 3 दुपारची शांतता, त्यामुळे अर्धं भोक पाडून तो माणूस दोन तास शांतपणे बसला, तेवढ्यात त्याला पोहे मिळाले. नळीतून शेवटी विटांचा जाडजूड गोल ठोकळा निघाला, हातभर लांब. मी फेकणार होते. सासूबाईंनी धुऊन बाल्कनीत उभा केला आणि वर तुळशीची कुंडी ठेवली.

ही मशीनं जोडीने चालतात, एक हवा बाहेर टाकतं तेव्हा दुसरं आत घेतं, सत्तरेक सेकंदांनी अदलाबदल, मधल्या सिरॅमिकच्या जाळीत ऊब साठते आणि परत मिळते. आमच्याकडे वायरमनने जोडी अशी जुळवली की दोन्ही एकदमच बाहेर फेकायची आणि एकदमच आत ओढायची. दारं शीळ घालायला लागली. बाथरूमचं दार तर उघडेच ना. वर कळलं की दारांच्या खाली हवा जायला फट लागते, म्हणजे ज्या घरात फटी बुजवायला पैसे दिले त्याच घरात सुताराला फटी पाडायचे पैसे दिले.

आता सगळं सुरळीत आहे, कपाटामागची भिंत कोरडी, सकाळी डोकं जड होत नाही. हां, स्वयंपाकघरातल्या मशीनला दमटपणाचा सेन्सर आहे आणि त्याने कुकर ओळखलाय. तिसऱ्या शिट्टीला ते पूर्ण वेगात घोंघावतं, शेजारच्या खोलीत नवरा मीटिंगमध्ये पटकन म्यूट दाबतो आणि त्याच्या ऑफिसातले जर्मन लोक आता विचारतात, आज वरण का भात?