जमीन पेरू नका म्हणून पैसे देताय ना, मग तीस वर्षांसाठी द्या

अमेरिकेत कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कुणाला किती शेती सबसिडी मिळाली हे ऑनलाइन कुणालाही बघता येतं, आणि इथे आयोवात आपल्या मराठी ग्रुपवर कुणी ती यादी टाकली की सगळे तुटून पडतात, काही न पिकवायचे पैसे कसले देता, तेही शिकागोत बसलेल्या मालकाला! राग समजतो मला. पण पटत नाही.

सीआरपी म्हणजे कॉन्झर्व्हेशन रिझर्व्ह प्रोग्राम, १९८५ च्या फार्म बिलातून, म्हणजे शेतीच्या कायद्यातून, आलेला. मालकानं १० ते १५ वर्षं जमीन पेरायची नाही, गवत नाहीतर झाडं लावायची, सरकार एकरी भाडं देणार. आयोवाच्या दक्षिणेकडची रिंगोल्ड काउंटी घ्या, पाच हजारसुद्धा वस्ती नाही, सगळं रान चढउताराचं, उघडं राहिलं की पावसात माती थेट ओढ्यात. गवत असलं तर माती थांबते, पाणी मुरतं, फेझंटसारखे पक्षी येतात. मका सोडायचा तर नुकसान मालकाचं आणि फायदा खालच्या गावांचा, मग ते त्यानं फुकट का करावं?

माझं भांडण वेगळंय. २००७ मध्ये देशभरात जवळपास ३.६८ कोटी एकर सीआरपीत होते. मग मक्याचा भाव चढला, २०१२ च्या दुष्काळात तर बुशेलला (साधारण २५ किलोला) ८ डॉलरच्या वर गेला, इकडे काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, सीआरपीतल्या एकरांची मर्यादाही खाली आणली, आणि करार संपले तसे लोकांनी नांगर घातले. २०१५ पर्यंत राहिले २.४ कोटींच्या आसपास. म्हणजे दहा वर्षं आपण टॅक्समधून भाडं भरलं, माती सावरली, आणि मग एका हंगामात सगळं उलटं. हे मला खरंच सहन होत नाही. २०१८ च्या बिलात ३० वर्षांच्या कराराची सोय आलीये, पण ती अजून एका कोपऱ्यात आहे, ती मुख्य झाली पाहिजे.

भाड्यानं शेती करणाऱ्यांचं म्हणणं मात्र खरंय. आयोवातली निम्म्याहून जास्त शेतजमीन भाड्यानं कसली जाते, आणि सरकारच जास्त भाडं द्यायला लागलं तर नवीन पोरानं जमीन आणायची कुठून? म्हणून जनरल साइनअपचं, म्हणजे अख्खी शेतं घेणाऱ्या सर्वसाधारण नोंदणीचं, भाडं काउंटीच्या सरासरीच्या ८५ टक्क्यांवर आणलं ते बरोबरच केलं. एका काउंटीतली साधारण पाव पिकाऊ जमीनच सीआरपीत घ्यायची हा नियमही हवाच, नाहीतर खत-बियाण्याची दुकानं आणि धान्य घेणारी कोठारं (एलिव्हेटर) बंद पडून गावंच ओस पडतील.

आणि इथे राजधानीत, डी मॉइनमध्ये राहणाऱ्यांनी तर हा विषय सोडूच नये. २०२५ च्या जूनमध्ये नदीत शेतातून येणारं नायट्रेट एवढं वाढलं की आपल्याला लॉनला पाणी घालायला बंदी होती. ते नायट्रेट दक्षिणेच्या टेकड्यांवरून येत नाही, ते वायव्येकडच्या सपाट, जमिनीखालून पाणी काढायला टाइलचे पाइप घातलेल्या रानातून येतं, आणि तिथे जमिनीचं भाडं एवढं चढंय की अख्खं शेत कोण कशाला देईल! पण अख्खं लागतच नाही ना. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगात शेताच्या फक्त १० टक्के भागात प्रेअरीच्या देशी गवताचे पट्टे लावले तर वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांपर्यंत घटली, आणि २०१८ च्या फार्म बिलामुळे हे पट्टे सीआरपीत बसतातही. टाइलचं पाणी पट्ट्यांच्या खालून निसटतं हे खरं, तिथे ओढ्याकाठी पाणथळ जागा तयार कराव्या लागतील, त्यालाही पैसे मिळतात. म्हणून ९० टक्के जमीन मालकाला पेरू दे, उरलेल्या १० टक्क्यांसाठी भाव वाढवून द्या हवं तर, पण करार ३० वर्षांचा करा.