तिळसंक्रांतीला पानिपत चिकटवू नका

परवा बचत गटाच्या ग्रुपवर एक मेसेज आला अन् संध्याकाळी शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन थेट ओसरीत. "भाऊजी, हे खरं हाय का जी? मंग यंदा काळं लुगडं नेसू का नको?"

मेसेज थोडक्यात असा : १४ जानेवारी १७६१ ला, ऐन संक्रांतीच्या दिवशी, पानिपतावर मराठे कापले गेले. म्हणून 'संक्रांत कोसळली' म्हणतात. काळे कपडे त्या सुतकाचे. सरदारांनी पुन्हा भांडू नये म्हणून तिळगूळ. आणि सूर्य त्याच दिवशी उत्तरेकडे वळत असल्याने संक्रांत कायम १४ तारखेलाच. शेवटी नेहमीचं, खरा इतिहास दहा जणांना पाठवा.

लढाईची तारीख बरोबर आहे. बुधवार होता, पौष शुद्ध अष्टमी. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. आपले बहुतेक सण तिथीवर चालतात, हा सूर्यावर. तो मकर राशीत शिरला की संक्रांत. पंचांगातलं हे राशींचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं असतं आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंना धरून चालतं. त्यामुळे साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. पटत नसेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म बघा : १२ जानेवारी १८६३, दिवस मकर संक्रांतीचा. म्हणजे तेव्हा ती बारा तारखेला होती. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की ती दहाच्या आसपास येते. भाऊसाहेब रणात उतरले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. आता ती कधी १४ ला येते, कधी १५ ला. २०२४ मध्ये १५ ला होती.

वाक्प्रचाराला पानिपत लागत नाही. संक्रांत कोणत्या वाहनावर बसली, काय नेसली, कुठे बघते हे पंचांगात दरवर्षी छापून येतं, आणि ती जिकडे बघेल तिकडे आपत्ती अशी समजूत गावोगाव आहे. माझ्या मते 'संक्रांत येणे' तिथूनच आलं.

काळ्या कपड्यांचं मात्र मला खरंच हसू आलं. वहिनींच्या नातवाची पहिली लूट यंदाच आहे. (पुण्याकडे बोरन्हाण म्हणतात, आम्ही लूट.) काळं झबलं शिवून तयार आहे, त्यावर हलव्याचा हार, हातात हलव्याचीच कडी. पोराला पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे आणि गल्लीतल्या पोरांनी त्यावर तुटून पडायचं. सुतकात असं करतात का कुठे? नव्या सुनेला याच सणाला काळी चंद्रकळा अन् हलव्याचे दागिने घालून मिरवतात. एरवी शुभकार्यात काळं चालत नाही, थंडीतल्या या एका सणाला चालतं. काळा रंग ऊन धरून ठेवतो, हे शेकोटीशी बसणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

तिळगुळाचं तर नावातच उत्तर आहे. आमच्याकडे सणालाच तिळसंक्रांत म्हणतात. संक्रांतीच्या दानाची चर्चा यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात करून ठेवली आहे, म्हणजे पानिपताच्या पाचशे वर्षं आधी. तमिळ माणूस पोंगल करतो, पंजाबी आदल्या रात्री लोहडी पेटवतो. त्यांना सदाशिवरावभाऊंचं सुतक कशाला? पौषात नवा गूळ आलेला असतो, तूर सोंगायला झालेली असते, सुगडात भरायला बोरं-घाटे-गाजरं बांधावरच मिळतात.

राहिलं उत्तरायण. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. सतराशे वर्षांमागे तो दिवस आणि संक्रांत एकत्र यायची, आता तीन आठवड्यांचं अंतर पडलं आहे.

वहिनी इथे अडल्या. "मंग दिवस वाढते तं सकाळची यष्टी अजून अंधारातच कशी जाते?" प्रश्न त्या मेसेजपेक्षा शंभर पटीने चांगला होता. आपल्याकडे दिवस आधी संध्याकाळच्या बाजूने वाढतो. सूर्योदय उलट जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, मग मागे यायला लागतो. "म्हंजे लूट चारला ठेवली तरी उजेड राहीन," म्हणत त्या उठल्या, अन् काळं लुगडं इस्त्रीला देऊनच घरी गेल्या.